सदतीस अंश

भाड्याने आणलेली टाकी, हवा भरून उभी केलेली,
निळी, पोरांच्या खेळण्यासारखी.
सोफा भिंतीशी उभा करून तिला जागा दिली.
शार्दूलने नळाला पाइप जोडला
आणि कागद पुन्हा मोठ्याने वाचला:
सदतीस अंशांच्या वर नको.

स्वॉन्झीच्या या चढावरच्या घरात
गरम पाणी मुळात दोन आंघोळींपुरतं.
टाकी गुडघ्यापर्यंत भरली
आणि बॉयलर म्हणाला, पुरे.

कळ आली.
मी खिडकीची चौकट धरली. खाली बंदराचे दिवे.
कळ म्हणजे बटण, लहानपणी मामाकडे
मोटार सुरू करायची काळी, गोल.
कुणीतरी तीच दाबत होतं दर चार मिनिटांनी
आणि मला काहीच कळत नव्हतं.

मग किटली. कुकर. पोह्यांची कढई.
जिन्यावरची धावपळ भिंतीपलीकडे ऐकू गेली असणार.
रात्री तीनला दार वाजलं:
शेजारची बेरिल, ऐंशी वर्षांची, गाऊनवर कोट,
हातात मुरंब्याचं मोठं पातेलं, वाफाळतं.
‘माझ्या वेळी पाय पट्ट्यांनी बांधायचे,’ ती म्हणाली,
‘आणि घड्याळाकडे बघत पडायचं.’
एवढंच. मग दुसरं पातेलं आणायला गेली.
तिच्या खेपा कुणी मोजल्या नाहीत.

ग्लेनिसने कोपर बुडवून पाहिलं, मग थर्मामीटर.
म्हणाली, आता.

कंबरेपर्यंत. छातीपर्यंत.

कळ गेली नाही. हे सांगायलाच हवं,
कारण ज्यांनी ज्यांनी मला पाण्याचं सुचवलं
त्यांनी ती विरघळते असं सांगितलं होतं.
विरघळली नाही.
पण भरलेलं पिंप हलवताना
समोरून कुणी म्हणावं, थांब, मी धरते इकडून,
तसं दुसरं टोक उचललं गेलं.
नऊ महिने मी वाहिलं होतं.
आता मलाच कुणी वाहत होतं.
पाणमोट संध्याकाळीच फुटलेली,
आतलं पाणी गेलं, बाहेरचं आलं,
उसनं, शेजारच्या चुलीवरचं.

फोन शेल्फवर टेकवलेला. बार्शीत साडेआठ वाजलेले.
आई कधीची गप्प बघत होती.
तिच्या नळाला पाणी चौथ्या दिवशी.
‘एवढं पाणी,’ ती म्हणाली,
आणि जरा वेळाने, ‘जपून गं, सांडेल.’
मी हसले. हसताना कळ आली,
हसू आणि कळ एकाच तोंडातून बाहेर पडली,
गुरासारखी. लाज वाटली नाही.
पाण्यात आवाजालाही वजन नसतं.

पाचच्या सुमाराला ग्लेनिसने यंत्र पाण्याखाली धरलं.
टक टक टक. टक टक. टक.
तिचा चेहरा बदलला नाही, फक्त बोलणं आखूड झालं.
बाहेर ये.
नको, म्हटलं मी. पाच मिनिटं.
बाहेर ये, बाळ.

काठावरून पहिला पाय जमिनीवर टेकला
आणि सगळं वजन परत आलं, व्याजासकट.
मी पाण्याला शिव्या दिल्या, शार्दूलला दिल्या,
ज्या बायांनी विरघळते म्हटलं त्यांना दिल्या.
गालिच्यावर शॉवरचा जुना पडदा अंथरलेला,
त्यावर मासे छापलेले.
गुडघे टेकून, सोफ्याचा पाय धरून,
कोरड्यात,
मुलगी झाली.

निळसर होती. मग नव्हती.
मग रडली.

‘सुटली,’ आई शेल्फवरून म्हणाली.
ती कुणाबद्दल बोलली, ते मी अजून विचारलेलं नाही.

उजाडल्यावर बेरिल पातेलं न्यायला आली.
आधी बाळाकडे पाहिलं नाही. बाही वर केली,
टाकीत हात घातला मनगटापर्यंत,
तसाच ठेवला बराच वेळ.
‘अजून कोमट आहे,’ म्हणाली.

दुपारी आईचा फोन.
वजन विचारलं, नाक कुणाचं विचारलं,
मी डिंकाचे लाडू खाल्ले का, ते विचारलं.
मग थोडं थांबून, हलक्या आवाजात:
‘त्या पाण्याचं काय केलंत?’